स्लॅबवरचा टॅब

पहाटे साडेपाच

सोलापुरात मे महिन्यात स्लॅब भरायचा असेल तर तयारी उजाडायच्या आत पूर्ण लागते. हवेचे तापमान ४० अंशांच्या वर गेले की आयएस ७८६१ हे प्रमाणक त्या कामाला उष्ण हवेतले काँक्रीटकाम मानते आणि त्यासाठी वेगळी काळजी घ्यायला सांगते. आमच्याकडे या दिवसांत दुपारचा पारा त्रेचाळीसला टेकतो. म्हणून रेडीमिक्सची पहिली गाडी साडेसहाला बोलावली होती आणि त्याआधी सळई तपासून मला सही करायची होती. जुळे सोलापूरमधले तीन मजली घर, दुसरा स्लॅब. शिडी चढून वर गेले तेव्हा हॅलोजन पेटलेला होता, सेंटरिंग झाडून झाले होते आणि फिटर कव्हर ब्लॉक सारखे करत फिरत होता.

मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे. खांद्याला पिशवी, पिशवीत तेरा इंची टॅब, विंडोजवर चालणारा, कीबोर्ड सुटा होणारा. कीबोर्ड खाली गाडीत राहतो. स्लॅबवर त्याचे काही काम नाही. ऑफिसच्या टेबलावर लॅपटॉपही आहे, आणि व्यवसायातले मित्र भेटले की हमखास विचारतात, टॅब घेतलास तर लॅपटॉप अजून कशाला ठेवलायस? जाहिराती या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देतात. मला ते उत्तर तासातासाला बदलताना दिसते, म्हणून हा एक दिवस जसा गेला तसा लिहिते.

स्लॅबचे ड्रॉइंग ए-वन कागदावर असते, ८४१ बाय ५९४ मिलिमीटर. तेरा इंची पडदा साधारण २७५ बाय १८३. म्हणजे जागा कागदाच्या एक दशांश. पूर्ण ड्रॉइंग मावेल इतके लहान केले की अडीच मिलिमीटरची अक्षरे एक मिलिमीटरच्याही आत येतात आणि वाचता येत नाहीत. बोटांनी मोठे करून एकेक भाग बघावा लागतो, आणि त्यात खरा धोका आहे: एका बीमकडे बघताना शेजारचा बीम नजरेआड जातो. कागद पसरला की सगळा मजला एकदम समोर असतो. म्हणून टॅबवर तपासायचा क्रम मी पक्का करून घेतला आहे. आधी लांबीचे बीम, मग रुंदीचे, मग स्लॅबची जाळी, शेवटी जिन्याची जागा. तपासलेल्या प्रत्येक बीमवर पेनने हिरवी खूण करते. सगळे झाल्यावर ड्रॉइंग लहान केले की अक्षरे वाचता आली नाहीत तरी खूण नसलेला बीम लगेच डोळ्यांत भरतो.

"मॅडम, अकरा नंबरला वरच्या एक्स्ट्रा टाकल्यात, बघून घ्या," फिटर म्हणाला.

टॅबवरच्या ड्रॉइंगमध्ये कॉलमजवळ वरच्या बाजूला तीन जादा सळया होत्या, १६ मिलिमीटरच्या. बीममध्ये दोनच दिसत होत्या.

"तिसरी कुठंय?"

"ड्रॉइंगात दोनच हुत्या की, मॅडम."

त्याचे खरे होते. खालच्या खोलीत भिंतीला चिकटवलेला कागद दुसऱ्या आवृत्तीचा होता. मालकांनी जिन्याची जागा बदलल्यावर त्या बीमवरचा भार वाढला आणि तिसरी आवृत्ती निघाली. तिची प्रिंट साइटवर पोहोचली, पण जुनी कुणी काढली नाही. कागदावर चालणाऱ्या कुठल्याही साइटवर हे होऊ शकते, आणि होतेही. बीम आधाराजवळ वरच्या बाजूने ताणला जातो. तो ताण घ्यायला तिथे सळई लागते. काँक्रीट पडल्यावर ती आहे की नाही हे डोळ्यांना पुन्हा कधीच दिसत नाही. फिटरने तिसरी सळई आणून बांधली. मी फोटो घेतला, ड्रॉइंगच्या त्याच जागी चिकटवला, लाल पेनने गोल करून शेजारी लिहिले, "३ सळया, १६ मिमी, बसवून पाहिल्या, ५.५०". खाली सही केली आणि पीडीएफ कंत्राटदार, साइट इंजिनियर आणि मालक अशा तिघांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. गाडी यायची होती अजून.

हे लॅपटॉपवर होत नाही. उभ्याने, एका हातात धरून, दुसऱ्या हाताने चित्रावर लिहायचे असते तेव्हा लॅपटॉप उघडायलाच जागा नसते. आधी मी डायरीत टिपणे काढायचे आणि रात्री टाइप करायचे. अहवाल दुसऱ्या दिवशी पोहोचायचा. तोवर स्लॅब भरून मोकळा झालेला असायचा आणि त्या कागदाचा उपयोग फक्त वाद झाला तर. आता सूचना काँक्रीटच्या आधी पोहोचते.

सळयांना कवटाळणाऱ्या रिंगांचे आकडे, म्हणजे वळवलेली टोके, मी विशेष बघते. भूकंपाचा विचार करून बांधायच्या इमारतीत रिंगची टोके १३५ अंशांत वळवून आतल्या काँक्रीटमध्ये शिरलेली हवीत, असे आयएस १३९२० सांगते. ९० अंशांत वळवलेला आकडा धक्क्यात उघडतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत जमीन हलली तेव्हा सोलापूरही हलले होते. किल्लारीचा भाग त्या वेळच्या भूकंप-नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. तिथे माणसे गाडली गेली ती मुख्यतः दगडमातीच्या माळवदी घरांत, आरसीसीच्या घरांत नव्हे, तरी या भागात काम करणाऱ्या इंजिनियरला नकाशावरच्या रंगावर विसंबून राहता येत नाही एवढे त्या पहाटेने शिकवले. म्हणून प्रत्येक कॉलमच्या आकड्याचा फोटो, कॉलमच्या नंबरासकट. टॅबवर हे काम सोपे झाल्यामुळे मी ते पूर्वीपेक्षा जास्त करते.

सकाळी साडेआठ

ऊन चढले आणि पडदा हरला. घरात लखलखीत वाटणारा पडदा उघड्या स्लॅबवर आरशासारखा होतो. ड्रॉइंगऐवजी स्वतःचा चेहरा आणि आभाळ दिसते. चमक पूर्ण वाढवली की बॅटरी भराभर उतरते आणि यंत्र तापते. टॅबच्या आत बहुधा पंखा नसतो किंवा अगदी छोटा असतो, उष्णता पाठीच्या पत्र्यातूनच बाहेर जाते, आणि बाहेरची हवाच तापलेली असेल तर ती जायची कुठे? अ‍ॅपल आयपॅडसाठी ० ते ३५ अंश असा वापराचा पट्टा सांगते. सोलापूरच्या मे महिन्यात ३५ अंश सकाळीच मागे पडतात. तापले की यंत्र आधी पडदा मंद करते, मग वेग कमी करते, मग काही वेळ विश्रांतीच मागते.

यावर उपाय साधे आहेत. चकाकी कमी करणारी फिल्म, पाठीला हात अडकवायचा पट्टा, आणि बघून झाले की टॅब सावलीत. घामेजलेल्या बोटाला पडदा दाद देत नाही, कारण तो बोटाचा विद्युत स्पर्श ओळखतो आणि पाण्याचा थेंबही त्याला बोटासारखाच वाटतो. पेनला ही अडचण कमी. साइटवर वापरणाऱ्याने पेनाशिवाय टॅब घेऊच नये असे माझे मत आहे. सॅमसंगच्या एस पेनसारख्या काही पेनांना लिहिण्यासाठी बॅटरी लागत नाही, आणि धुळीत, घाईत काम करणाऱ्याला ते फार सोयीचे पडते.

साडेआठनंतर मी टॅब पिशवीत घातला आणि काँक्रीटच्या चाचणीचे क्यूब भरताना बघत उभी राहिले. १५० मिलिमीटरचे ठोकळे, त्यांतले काही सात दिवसांनी फोडायचे, काही अठ्ठावीस दिवसांनी. तारीख खडूने साच्यावर लिहिली. त्या कामाला खडूच बरा.

सकाळी साडेदहा

ऑफिस. इथून प्रश्न उलटा होतो.

सात मजली इमारतीचे विश्लेषण चालू आहे. ते आम्ही ईटॅब्समध्ये करतो. काही जण स्टॅडमध्ये करतात. दोन्ही विंडोजच्या संगणकासाठी लिहिलेले प्रोग्राम. आयपॅड किंवा अँड्रॉइडच्या टॅबवर ते मिळतच नाहीत, त्यामुळे तिथे प्रश्न सुरू होण्याआधीच संपतो. त्या टॅबवर ऑटोकॅड आहे, पण बघायला आणि किरकोळ दुरुस्तीला पुरेल एवढे. विंडोजच्या टॅबवर मात्र ईटॅब्स उघडते, आणि म्हणून लोकांना वाटते की झाले, लॅपटॉप गेला.

मॉडेल टॅबवर चालवून बघितल्यावर फरक कळतो. विश्लेषण सुरू झाले की प्रोसेसर काही वेळ पूर्ण जोराने पळतो, मग तापतो आणि स्वतःहून आवरते घेतो. पातळ टॅबचा प्रोसेसर सलग पंधरा-वीस वॅटच्या आसपास चालू शकतो; पंखे असलेल्या जाड लॅपटॉपला पंचेचाळीस वॅट आणि वर झेपतात. दुमजली बंगल्याला हा फरक जाणवतही नाही. सात मजले, भूकंपाच्या दोन्ही दिशा, वारा, त्यांची सगळी भार-संयोजने आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा पहिल्यापासून, असे दिवसभर चालले की तो चांगलाच जाणवतो. कामाच्या घाईत आणखी एक वाईट गोष्ट घडते. गणित सावकाश येत असेल तर माणूस आणखी एक पर्याय तपासून बघायचे टाळतो. कॉलम थोडा मोठा करून बघू, बीमची खोली कमी करून बघू, हे 'बघू' हेच आमच्या कामाचे मर्म आहे. सावकाश यंत्र ते खाऊन टाकते.

मेमरीचेही तसेच. बहुतेक टॅबमध्ये रॅम मदरबोर्डवरच डाग देऊन बसवलेली असते. घेताना आठ जीबी घेतली तर जन्मभर आठच. निदान काही लॅपटॉपमध्ये ती नंतर वाढवता येते.

पण माझा मोठा आक्षेप वेगावर नाही, अचूकतेवर आहे. ऑटोकॅडवर काम करणाऱ्याचा डावा हात कीबोर्डवर असतो, एल, सी, टीआर, ओ अशा एकदोन अक्षरांच्या आज्ञा देत. उजवा हात माउसवर, चाकाने मोठे-लहान करत, रेषेच्या नेमक्या टोकाला पकडत. बोटाचा ठसा पडद्यावर जवळजवळ सेंटिमीटरभर जागा व्यापतो. माउसचा बाण एका ठिपक्यावर थांबतो. पेन या दोहोंच्या मध्ये. स्लॅबवर लाल गोल काढायला पेन उत्तम, पण कॉलमच्या मध्यापासून २३० मिलिमीटरवर रेषा बसवायला माउसच. आणि लहान पडद्यावर चुका लपतात. बीमच्या बेंडिंग मोमेंटचा आलेख एका ठिकाणी विचित्र उडी मारतो, म्हणजे मॉडेलमध्ये कुठेतरी सांधा जुळलेला नाही. ते सत्तावीस इंची मॉनिटरवर एका नजरेत दिसते. तेरा इंचांत सरकवत सरकवत बघताना हुकू शकते, आणि ते हुकणे मला परवडणारे नाही, घरात राहणाऱ्यांना तर नाहीच.

आता न्यायाने बोलायचे तर टॅबला यूएसबी-सी केबलने तोच मॉनिटर जोडता येतो, माउस आणि पूर्ण कीबोर्डही. मग समोर बसलेल्याला टॅब आणि लॅपटॉप यांत फरक फक्त आतल्या ताकदीचा उरतो. ज्यांचे काम पत्रव्यवहार, हिशेब, साधी ड्रॉइंग्ज एवढेच आहे त्यांचे एका टॅबवर, टेबलावर मॉनिटर ठेवून, निश्चित भागेल. लहान आर्किटेक्टच्या ऑफिसला मी हे सुचवेनही. ज्याच्या कामात संगणक तासन्‌तास गणित करतो त्याने या वाटेला जाऊ नये.

दुपारी साडेबारा

बांधकाम परवानगीचा अर्ज. मुंबई सोडून जवळपास सगळ्या महाराष्ट्राला डिसेंबर २०२० पासून एकच एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आहे आणि अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. त्यावर डिजिटल सही लागते. ती एका यूएसबी टोकनमध्ये असते आणि ते टोकन जुन्या, चौकोनी यूएसबीचे. टॅबला बाजूने फक्त यूएसबी-सीचे छेद, काहींना तर एकच. म्हणजे जोडणारा हब हवा. त्यात टोकन, चार्जर, मॉनिटर, पेनड्राइव्ह असे सगळे लटकवले की ज्या सुटसुटीतपणासाठी टॅब घेतला तो टेबलावर उरत नाही.

टोकनला ड्रायव्हर लागतो, आणि इथे घेणाऱ्यांनी नीट लक्ष द्यावे. विंडोजचे नवे टॅब दोन जातींच्या प्रोसेसरवर येतात. एक इंटेल आणि एएमडीची नेहमीची जात, दुसरी एआरएम, म्हणजे फोनमध्ये असते ती. एआरएमवर बॅटरी खूप टिकते, यंत्र कमी तापते, आणि जुने प्रोग्रामही बरेचसे अनुवादाच्या थरातून चालतात. ड्रायव्हर मात्र त्या थरातून चालत नाही. तो एआरएमसाठी वेगळा लिहिलेला असावा लागतो. टोकन, जुना प्लॉटर, प्रोग्रामच्या परवान्याचा डोंगल, यांपैकी एकाचाही एआरएम ड्रायव्हर नसेल तर यंत्र कितीही चांगले असो, तुमचे काम अडते. दुकानात ही गोष्ट सहसा कुणी आपणहून सांगत नाही.

मी अर्ज लॅपटॉपवरून भरला. पंचवीस मिनिटांत झाला.

दुपारी दीड

जेवण. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी, ताक. बाहेर पाऊल टाकवत नाही अशा या तासाभरात टॅब हातात घेऊन वाचत बसायला मात्र फार छान वाटते. कीबोर्ड काढलेला, पाय लांब केलेले, नव्या प्रमाणकाची पीडीएफ समोर, कडेला पेनने टिपणे. वाचनासाठी लॅपटॉप मला कधीच आवडला नाही.

हे स्वप्न जुने आहे. अ‍ॅलन के यांनी १९७२ मध्ये डायनाबुकची कल्पना मांडली तेव्हा ती सर्व वयांच्या मुलांसाठीची होती: वहीएवढा, हातात मावणारा संगणक. बिल गेट्स यांनी २००२ मध्ये पेनवाला टॅबलेट पीसी बाजारात आणला. तो जड होता, महाग होता, आणि त्यातली विंडोज मुळात माउससाठीच लिहिलेली होती. २०१० मध्ये आयपॅड आला आणि बोटाने चालणारा टॅब घरोघरी गेला. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये सरफेस आणला, त्याचा सुटा होणारा कीबोर्ड हेच आकर्षण होते. त्यातला सरफेस आरटी एआरएमवर होता आणि विंडोजचे जुने प्रोग्राम त्यावर चालतच नसत. दिसायला विंडोज, पण ऑफिसातले नेहमीचे काहीही बसवता येत नाही. पुढच्याच वर्षी कंपनीला त्यापोटी ९० कोटी डॉलरचा तोटा हिशेबात दाखवावा लागला. २०१४ चा सरफेस प्रो ३ लॅपटॉपची जागा घेणारा टॅबलेट म्हणूनच विकला गेला.

अ‍ॅपलचे टिम कुक यांनी २०१२ मध्ये अशा मिश्र यंत्रांची तुलना टोस्टर आणि फ्रिज एकत्र करण्याशी केली होती. तीन वर्षांनी त्यांच्याच कंपनीने आयपॅड प्रोसाठी पेन आणि कीबोर्ड विकायला काढले, २०२० मध्ये ट्रॅकपॅड आणि माउसची सोय केली, २०२१ मध्ये मॅकमधलीच एम-१ चिप त्यात घातली, आणि २०२५ मध्ये त्यावर हव्या त्या आकाराच्या खिडक्या उघडता येऊ लागल्या. तरीही मॅकचे प्रोग्राम आयपॅडवर चालत नाहीत. चिप तीच, कीबोर्ड आहे, माउस आहे, आणि तरी तो संगणक नाही, कारण प्रोग्राम नाहीत. मला या सगळ्या इतिहासातून एवढेच घ्यावेसे वाटते की यंत्राच्या रूपापेक्षा त्यावर काय चालते ते आधी विचारावे.

दुपारी साडेचार

विजापूर रोडवरचे एक जुने घर. मालक निवृत्त शिक्षक, त्यांना वर दोन खोल्या चढवायच्या आहेत. मुलगा हैदराबादहून परत येणार आहे. बाई चहा घेऊन आल्या, सगळे एका दिवाणावर दाटीवाटीने बसलो.

आजच्या दिवसात टॅबने सर्वांत मोठे काम इथे केले. घराचा फोटो घेतला आणि त्यावरच पेनने कॉलम काढत गेले. इथे एक, इथे एक, हा बाथरूमच्या भिंतीत जाईल, हा मात्र बैठकीच्या कोपऱ्यात दिसणार. टॅब त्यांच्या हातात दिला. काकांनी चष्मा लावून तो जवळ धरला, काकूंनी पेन घेतले आणि म्हणाल्या, "हा इकडं सरकवता येईल का हो? इथं माझं देवघर आहे." त्यांनी रेषा काढली. कॉलम फूटभर सरकला, खालच्या पायाचा विचार करता ते जमण्यासारखे होते. ड्रॉइंग कळत नसलेल्या माणसाने स्वतःच्या घराच्या रचनेत स्वतःच्या हाताने बदल सुचवला, आणि तो योग्य होता. लॅपटॉप उघडून बसले असते तर तो माझ्या बाजूला वळलेला राहिला असता आणि त्यांनी मान डोलावून सगळ्याला हो म्हटले असते. घर त्यांचे आहे. त्यांना ते कळलेच पाहिजे, आणि ज्या साधनाने कळते ते साधन मला मोलाचे वाटते.

संध्याकाळी सहा

त्याच दिवाणावर बसून दोन गोष्टी उरकायचा विचार होता, जमले नाही. टॅबचा पाय पाठीमागे उघडतो आणि कीबोर्ड मऊ, लवचिक असतो, म्हणून त्याला सपाट, खोल जागा लागते. मांडीवर ठेवला की पाय रुततो, कीबोर्ड लचकतो, आणि टंकताना सगळे डुलते. पुण्याला जाताना हुतात्मा एक्स्प्रेसमध्येही हाच अनुभव. मांडीवर ठेवून लिहिण्यासाठी लॅपटॉपचीच बिजागरी लागते.

ऑफिसला परत आले. स्लॅबच्या सळईचा तक्ता तपासायचा होता. व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरमागे किलो, हे सूत्र प्रत्येक साइटवर तोंडपाठ असते. १६ मिलिमीटरची सळई मीटरला १.५८ किलो. पण शेकडो ओळींची एक्सेल, त्यात मी बसवलेले मॅक्रो. आयपॅडवरच्या आणि अँड्रॉइडवरच्या एक्सेलमध्ये हे मॅक्रो चालत नाहीत. विंडोजच्या टॅबवर चालतात, तिथे तक्रार नाही. मराठी पत्रही लिहायचे होते, इन्स्क्रिप्टने. टॅबच्या पातळ कीबोर्डवर ते लिहिता येते, दोन पाने झाली की बोटे दुखतात. लॅपटॉपवर दहा पाने लिहिली तरी दुखत नाहीत.

रात्री नऊ

लेकीची बारावी झाली आहे, अभियांत्रिकीला जायचे आहे. गच्चीवर गारवा शोधत बसलो होतो.

"आई, मला तुझ्यासारखा टॅबच घे ना. नोट्स पण होतील आणि सगळंच होईल."

"पहिल्या वर्षी काय काय शिकवणारेत?"

"प्रोग्रॅमिंग, ग्राफिक्स. ऑटोकॅड असतं म्हणे."

"मग लॅपटॉप. तुझ्या मावसबहिणीला मेडिकलला टॅब पुरतोय, कारण तिला वाचायचं आणि आकृत्या काढायच्या असतात. तुला यंत्राकडून काम करून घ्यायचंय."

तिला ते फारसे आवडले नाही. मग आम्ही किमतीचा हिशेब मांडला. टॅबची जाहिरातीतली किंमत नुसत्या पाटीची असते. कीबोर्ड वेगळा, पुष्कळदा पेनही वेगळे, हब वेगळा, जादा मेमरीचे मॉडेल घेतले तर आणखी वर. बेरीज केली की त्याच पैशांत चांगला लॅपटॉप येतो आणि वर एक साधा टॅबही बसतो. दुरुस्तीचाही विचार करायला हवा. लॅपटॉप उघडून बॅटरी, कीबोर्ड, एसएसडी बदलून देणारे कारागीर सोलापुरात आहेत. टॅबचा पडदा गोंदाने चिकटवलेला असतो. बॅटरी बदलायची तर आधी पडदा सोडवावा लागतो आणि तो तडकू शकतो, म्हणून पुष्कळ ठिकाणी हातच लावत नाहीत. मोठ्या शहरात राहणाऱ्यांना ही गोष्ट लहान वाटेल, आमच्यासाठी ती लहान नाही. चार वर्षे चालवायचे यंत्र चार वर्षे दुरुस्त करता आले पाहिजे.

साइटवर दिवसातले तीन-चार तास उभ्याने घालवणाऱ्या इंजिनियरने, गावोगाव फिरून पाहणी करणाऱ्याने, रुग्णांच्या खाटेजवळ उभ्या राहणाऱ्या डॉक्टरने टॅब जरूर घ्यावा, पेनासकट घ्यावा, आणि कागदाच्या जागी घ्यावा. लॅपटॉप विकून त्याच्या पैशांत घेऊ नये. ज्याचे सगळे काम ब्राउझरमध्ये, पत्रांत आणि वाचनात होते त्याने खुशाल एकच यंत्र ठेवावे, ते विंडोजचे, इंटेल किंवा एएमडीवरचे असेल तर उत्तम, सोळा जीबी मेमरीचे.

घ्यायला जाताना एक करा. तुमच्या कामातली सर्वांत जड फाइल पेनड्राइव्हवर घ्या, डिजिटल सहीचे टोकन वापरत असाल तर तेही खिशात ठेवा, आणि पैसे देण्याआधी दुकानातच त्या टॅबवर फाइल उघडून, टोकन लावून बघा. दुकानदार नको म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा.